यजमान, सूत्रसंचालक आणि इंग्रजीतला ‘होस्ट’

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हॉलिवूडच्या ऑस्कर पुरस्कारांचा सोहळा जवळ आला की ‘यंदा ऑस्करचे यजमानपद अमुक कलाकार भूषवणार’ अशी बातमी मराठी वृत्तपत्रांत हमखास येते, आणि आपले दैनिकही त्याला अपवाद नाही. त्याच अंकाच्या क्रीडा पानावर ‘यजमान भारताने नाणेफेक जिंकली’ असेही छापलेले असते. दोन्ही ठिकाणी मूळ इंग्रजी शब्द ‘होस्ट’ हाच असल्याने मराठीतही एकच शब्द योजला गेला, हे समजण्यासारखे आहे. परंतु क्रिकेटच्या बातमीतला यजमान हा खरोखरचा यजमान असतो. मैदान त्याचे, व्यवस्था त्याची, पाहुण्या संघाला बोलावणेही त्याचेच. २ मार्च २०२५ रोजी लॉस एंजेलिसच्या डॉल्बी थिएटरमध्ये ९७वा ऑस्कर सोहळा झाला, तेव्हा कोनन ओब्रायन यांनी रंगमंचावरून कार्यक्रम पुढे नेला. पण निमंत्रणे त्यांनी धाडली नव्हती, पुरस्कार त्यांचे नव्हते आणि आलेल्या पाहुण्यांची बडदास्त ठेवणे हेही त्यांचे काम नव्हते. ते सारे पुरस्कार देणाऱ्या अकादमीचे होते. इंग्रजीत ओब्रायन ‘होस्ट’ आहेत आणि ते इंग्रजी बिनचूक आहे. मराठीत मात्र ते यजमान ठरत नाहीत. ते सूत्रसंचालक ठरतात. हा फरक किरकोळ वाटला तरी तो का जपला पाहिजे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी सातारा जिल्ह्यात तीस वर्षे इंग्रजी शिकवले आणि जवळजवळ तितकीच वर्षे शाळेच्या, गावच्या आणि वाचनालयाच्या कार्यक्रमांत ध्वनिक्षेपकासमोर उभा राहिलो. त्यामुळे होस्ट, एमसी, कंपेअर, अँकर, प्रेझेंटर हे शब्द माझ्या कानावर कोशातून नव्हे, तर कार्यक्रमपत्रिकांतून आणि व्यासपीठावरून पडत आले आहेत. आपल्याकडे हे सगळे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. लग्नातल्या संगीताच्या कार्यक्रमाला ‘अँकर’, महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाला ‘होस्ट’, आकाशवाणीवर ‘कंपेअर’ आणि कंपनीच्या वार्षिक सोहळ्याला ‘एमसी’. माणूस तोच, काम तेच, आणि शब्द कोणता यायचा हे बहुधा पत्रिका छापणाऱ्याच्या सवयीवर ठरते.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या तालुक्यातील एका महाविद्यालयात इंग्लंडहून एक प्राध्यापक व्याख्यानासाठी आले होते. ते विमानतळावरून थेट सभागृहातच आले आणि तेथे कोणालाच ओळखत नव्हते. त्यांच्या सोयीसाठी कार्यक्रमपत्रिका इंग्रजीत छापली होती आणि त्यात सर्वांत वर ‘होस्ट’ असे लिहून त्याखाली सूत्रसंचालन करणाऱ्या विद्यार्थिनीचे नाव होते. प्राध्यापकांनी पत्रिका वाचली, नाव विचारून घेतले आणि पिशवीतून चांगल्या कागदात बांधलेला बिस्किटांचा डबा काढून त्या मुलीच्या हातात दिला. तिच्या घरच्यांनी आपल्यासाठी घेतलेल्या कष्टांबद्दल त्यांनी तिचे मनापासून आभार मानले. मुलगी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाची, पहिल्यांदाच नऊवारी नेसून आलेली, हातात निवेदनाची कार्डे. डबा घ्यावा की परत करावा हे तिला कळेना. ज्यांनी या पाहुण्यांना बोलावले होते, ज्यांच्या घरी त्या दुपारी पुरणपोळीचा बेत होता, ते संस्थेचे वयोवृद्ध संस्थापक दुसऱ्या रांगेत बसून हे पाहत होते. पाहुण्यांचे काहीही चुकले नव्हते. त्यांनी कागदावर जे छापले होते ते वाचले आणि त्यांच्या रीतीप्रमाणे वागले. चूक कागदाची होती, आणि तो कागद छापण्यापूर्वी माझ्या नजरेखालून गेला होता, हेही येथे नमूद करतो. त्या दिवसापासून हे शब्द मी एकेक करून पाहत आलो आहे.

‘होस्ट’ हा शब्द जुन्या फ्रेंचमार्गे लॅटिनमधील ‘होस्पेस’ या शब्दापासून आला. होस्पेस म्हणजे घरी आलेल्याला आसरा देणारा, आणि आसरा घेणारा पाहुणासुद्धा. दोघांना एकच शब्द, कारण आज ज्याने जेवू घातले तो उद्या तुमच्याकडे जेवायला येणारच. हॉस्पिटल, होस्टेल, हॉटेल हे सगळे याच कुळातले शब्द आहेत. त्यांतल्या प्रत्येकात छप्पर आहे आणि त्या छपराखाली कोणीतरी कोणाची तरी सोय पाहत आहे. म्हणजे इंग्रजीत होस्टचा मूळ अर्थ बोलणारा असा नाही. जो दार उघडतो, बसवतो, खाऊपिऊ घालतो, तो होस्ट. मेजवानीत त्याने एक शब्दही न बोलता पाहुण्यांची विचारपूस नुसत्या नजरेने केली तरी तो होस्टच राहतो.

आता आपला ‘यजमान’ घ्या. या शब्दाइतका नेमका शब्द दुसऱ्या कोणत्या भाषेत असेल असे मला वाटत नाही. संस्कृतात ‘यज्’ धातू दोन पदांत चालतो. ‘यजति’ म्हणजे तो यज्ञ करतो, पण दुसऱ्यासाठी. हे ऋत्विजाचे, म्हणजे पुरोहिताचे काम. ‘यजते’ म्हणजे तो स्वतःसाठी यज्ञ करतो, त्याचे फळ त्याला मिळायचे आहे. आणि या ‘यजते’पासून ‘यजमान’ झाला. ज्याच्या घरी कार्य आहे, खर्च ज्याचा आहे, संकल्प ज्याच्या नावाने आणि गोत्राने सुटतो, तो यजमान. आणि ज्याच्या तोंडी मंत्र आहेत तो पुरोहित. घरातली सत्यनारायणाची पूजा डोळ्यांसमोर आणा. दीड तास गुरुजींचाच आवाज घुमत असतो. यजमान सोवळे नेसून पाटावर बसलेले असतात आणि ‘पळीभर पाणी सोडा’, ‘डोळ्यांना पाणी लावा’, ‘अक्षता वाहा’ असे गुरुजी सांगतील तसे करत असतात. सारे बोलणे गुरुजींचे असले तरी त्या घरात कोणी गुरुजींना यजमान म्हणणार नाही. ज्या भाषेने दुसऱ्यासाठी करणे आणि स्वतःसाठी करणे हा भेद क्रियापदाच्या रूपातच सांभाळला आणि त्यातून आपल्याला हा शब्द दिला, तो शब्द आपण ध्वनिक्षेपक हातात असलेल्या माणसाला लावतो तेव्हा गुरुजींनाच पाटावर बसवल्यासारखे होते. पुढे मराठीने या शब्दाला घरधनी आणि नवरा हेही अर्थ जोडले. ‘आमचे यजमान बाहेरगावी गेलेत’ असे आमच्या मागच्या पिढीतील बायका सहज म्हणत. त्या अर्थांतही घर आहे आणि घराची जबाबदारी आहे.

मग इंग्रजीत सूत्रसंचालकाला होस्ट का म्हणू लागले? याचे उत्तर रेडिओ आणि दूरचित्रवाणीत आहे. अमेरिकेत गप्पांचे कार्यक्रम सुरू झाले तेव्हा त्यांची मांडणीच घरातल्या बैठकीसारखी होती. एक टेबल, बाजूला खुर्च्या वा सोफा, आणि एकामागून एक येणारे ‘गेस्ट’. जॉनी कार्सन यांनी १९६२ ते १९९२ अशी तीस वर्षे रात्रीचा असा कार्यक्रम चालवला. त्यांना होस्ट म्हणणे अगदी योग्य होते, कारण कार्यक्रम त्यांच्या नावाने ओळखला जाई आणि येणारा माणूस त्यांचा पाहुणा असे. गेस्ट आणि होस्ट ही जोडी त्या सोफ्यावर शाबूत होती. तेथून हा शब्द प्रश्नमंजूषेच्या कार्यक्रमांकडे आणि पुरस्कार सोहळ्यांकडे गेला, आणि कार्यक्रम पुढे नेणारा कोणीही होस्ट झाला. इंग्रजी बोलणाऱ्यांच्या कानाला तो विस्तार नैसर्गिक वाटतो, कारण तो त्यांच्याच जगण्यातून झाला. मराठीत यजमान या शब्दाचा असा प्रवास झालेला नाही. आपण तो फक्त कोशात पाहून उचलला आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच मराठी दूरचित्रवाणीवर आहे. ‘होम मिनिस्टर’ या झी मराठीवरील कार्यक्रमात आदेश बांदेकर वर्षानुवर्षे घरोघरी गेले. इंग्रजीत लिहायचे तर ते त्या कार्यक्रमाचे होस्ट. पण प्रत्यक्षात काय घडत असे? दारात रांगोळी असे, वहिनी औक्षण करत, आणि बांदेकर पाहुणे म्हणून उंबरा ओलांडून आत येत. यजमानीण ती वहिनी होती. प्रेक्षकांना हे नाते इतके नेमके कळले होते की त्यांनी बांदेकरांना ‘भावोजी’ म्हटले, म्हणजे पाहुण्याचेच नाते दिले. अशा कार्यक्रमाच्या बातमीत ‘बांदेकर या कार्यक्रमाचे यजमान’ असे कोणी लिहिले तर महाराष्ट्रातील प्रत्येक घराला ते खटकेल. मग ऑस्करच्या बातमीत ते का खटकू नये?

‘मास्टर ऑफ सेरेमनीज’ या शब्दाची गोष्ट मला याहून रंजक वाटते, कारण त्याची सुरुवात करमणुकीत नव्हे, तर धर्मविधी आणि दरबार यांत आहे. रोममध्ये पोपच्या उपासनाविधीत कोणी कुठे उभे राहायचे, कोणत्या क्षणी काय व्हायचे, हे पाहणारा अधिकारी या नावाने ओळखला जाई. १५व्या शतकाच्या अखेरीस योहान बुर्खार्ड या पदावर होता आणि त्याने लिहिलेली रोजनिशी आजही इतिहासकार वापरतात. इंग्लंडमध्ये पहिल्या जेम्स राजाने १६०३ साली परदेशी वकिलांच्या, म्हणजे राजदूतांच्या, स्वागतासाठी हे पद निर्माण केले. वकील राजाचे पाहुणे. पण त्यांना आत केव्हा सोडायचे, कोणाच्या आधी कोणाला बसवायचे, हे ठरवणारा हा अधिकारी. यजमानपण राजाचे आणि रीत याची. पुढे १८व्या शतकात बाथ या इंग्लंडमधील स्नानक्षेत्री रिचर्ड नॅश या माणसाने याच नावाने अर्धशतकाहून अधिक काळ राज्य केले, असेच म्हणावे लागेल. तो १७६१ साली वारला. नृत्याच्या सभा सहाला सुरू होऊन अकराला संपल्याच पाहिजेत, आत तलवार चालणार नाही, नव्याने आलेल्याची ओळख योग्य माणसाशी करून दिली जाईल, हे नियम त्याचे. ठरलेली वेळ झाल्यावर आणखी एक नृत्य होऊ द्या असे खुद्द राजकन्येने म्हटले, तरी त्याने नकार दिला असे सांगतात. सभागृहे त्याच्या मालकीची नव्हती आणि मेजवानीचा खर्चही त्याचा नव्हता. त्याच्याकडे होता तो फक्त कार्यक्रमाचा क्रम आणि तो पाळून घेण्याचा अधिकार.

हे वाचताना मला प्रत्येक वेळी आळंदीहून पंढरपूरला निघालेल्या माउलींच्या पालखीतील समाजआरती आठवते. मुक्कामाच्या ठिकाणी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात, शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप उंचावतात आणि तो सगळा नाद क्षणात थांबतो. त्या शांततेतही एखाद्या दिंडीचे टाळ वाजत राहिले तर समजायचे की त्या दिंडीची काही तक्रार आहे. चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकतात, निवाडा होतो, हरवल्या-सापडल्याच्या सूचना दिल्या जातात आणि मगच आरती होते. मी एकदा लोणंदच्या तळावर या वर्तुळाच्या कडेला उभा होतो. चोप वर जाताना माझ्या पुढे उभ्या असलेल्या म्हातारबाबांचे दोन्ही तळहात टाळांवर जसेच्या तसे थबकलेले मी पाहिले. त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. हैबतबाबांनी घालून दिलेल्या या शिस्तीत मालक वेगळे, विणेकरी वेगळे आणि चोपदार वेगळे आहेत, आणि कोणी कोणाच्या नावाने ओळखला जात नाही. मास्टर ऑफ सेरेमनीज या इंग्रजी पदाला जवळचा माणूस आपल्याकडे कोण, असे मला कोणी विचारले तर मी चोपदाराचे नाव घेईन.

या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे घेऊन ‘एमसी’ झाला आणि अमेरिकेत तो उच्चारानुसार एकसंध शब्द म्हणूनही लिहिला जाऊ लागला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क यांनी बहिणीसाठी एका इमारतीच्या सभागृहात तबकड्या वाजवल्या. हिप-हॉपचा जन्म त्या रात्रीचा मानला जातो. तबकड्या वाजत असताना जमलेल्यांना हाका घालणारा, त्यांच्यात जोर भरणारा जो माणूस होता तो एमसी, आणि त्या हाकांचीच पुढे यमके जुळलेली कवने झाली. म्हणून पुण्याचा तरुण रॅपर ‘एमसी स्टॅन’ असे नाव घेतो तेव्हा त्यात सूत्रसंचालनाचा दावा नसतो. तो स्वतःला या ब्राँक्सच्या परंपरेतला शब्दप्रभू म्हणवत असतो. पोपच्या उपासनाविधीपासून पुण्याच्या वस्तीपर्यंत हा एक शब्द आला आणि वाटेत कुठेही त्याने घराच्या मालकाची जागा घेतली नाही.

‘कंपेअर’ या शब्दाबद्दल मला शिक्षक म्हणून विशेष ममता आहे, कारण त्याने माझ्या विद्यार्थ्यांचा फार गोंधळ केला. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ मुलाच्या आईबापांशी त्याच्या धर्मपित्याचे (गॉडफादरचे) जे नाते, त्या नात्याचा माणूस असा होता; पोर्तुगीजमधील ‘कोंपाद्रे’ हा त्याचाच भाऊ. त्यापासून घरोब्याचा सोबती असा अर्थ झाला. फ्रान्समधील संगीत-विनोदी प्रयोगांत एका प्रवेशाची दुसऱ्याशी सांगड घालत बोलणाऱ्या पात्राला हे नाव मिळाले, आणि २०व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी ते उचलले. अमेरिकेत हा शब्द फारसा कानी पडत नाही. आपल्याकडे तो ब्रिटिशांमार्फत आला आणि आकाशवाणीने जपला. नैमित्तिक उद्घोषक आणि कंपेअर यांची भरती हा आकाशवाणीच्या केंद्रांवरील नेहमीचा परिपाठ राहिला. म्हणून मागच्या पिढीत ‘तो युववाणीला कंपेअरिंग करतो’ असे अभिमानाने सांगत असत. अडचण अशी की तुलना करणे या अर्थाचा इंग्रजी शब्द आणि हा शब्द देवनागरीत अगदी एकसारखे दिसतात. आंतरशालेय स्पर्धेच्या एका प्रमाणपत्रावर मी इंग्रजीत ‘उत्कृष्ट तुलना’ असे छापलेले पाहिले आहे आणि ते मिळवलेली मुलगी ते चौकटीत लावून घरी टांगून होती. तिने सूत्रसंचालन खरेच उत्तम केले होते. तिच्या भिंतीवर आजही तुलना टांगलेली आहे, याचे मला वाईट वाटते.

‘अँकर’ हा सध्याचा सर्वांत लोकप्रिय शब्द, आणि माझ्या मते सर्वांत अस्थानी वापरला जाणारा. १९५२ साली शिकागोमध्ये अमेरिकेतील दोन्ही मोठ्या पक्षांची अधिवेशने झाली. सीबीएस वाहिनीचे वार्ताहर सभागृहात ठिकठिकाणी उभे होते आणि वॉल्टर क्रॉन्काइट एका जागी बसून त्या सर्वांकडून आलेली माहिती एकत्र गुंफत होते. या कामासाठी अँकर हा शब्द तेव्हापासून दूरचित्रवाणीत रुजला. इंग्रजीत तो खेळातून ओळखीचा होता. चौघांच्या रिले शर्यतीत शेवटचा टप्पा धावणारा, किंवा रस्सीखेचीत सर्वांत मागे दोर अंगाभोवती घेऊन पाय रोवणारा गडी, यांना तो लावला जाई. म्हणजे अँकर होण्यासाठी पुढे इतर माणसे लागतात आणि सर्वांचा भार शेवटी त्याच्यावर यावा लागतो. ब्रिटनमध्ये बातम्या देणाऱ्याला आजही ‘न्यूजरीडर’ किंवा ‘प्रेझेंटर’ म्हणतात. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि पुढे प्रदीप भिडे, स्मिता पाटील, भक्ती बर्वे यांनी तेथे बातम्या दिल्या, तेव्हा आपणही त्यांना वृत्तनिवेदक म्हणत होतो. वृत्तवाहिन्यांच्या स्टुडिओत बसणाऱ्याला अँकर म्हणण्यास माझी हरकत नाही, कारण तेथे वार्ताहरांचे जाळे त्याच्या हाती असते. पण हळदीच्या कार्यक्रमात एकट्याने दोन तास बोलणाऱ्या मुलाला अँकर म्हणून आपण कोणत्या जहाजाचा नांगर त्याच्या गळ्यात घालतो, हे मला उमगलेले नाही.

‘प्रेझेंटर’ म्हणजे समोर ठेवणारा, आणि आपला ‘निवेदक’ तंतोतंत तोच. निवेदन आणि नैवेद्य हे एकाच धातूतून आलेले शब्द आहेत; एकात शब्द पुढे ठेवायचे, दुसऱ्यात पान. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवात आनंद देशमुख यांनी वर्षानुवर्षे जे केले ते या अर्थाने निवेदन. रागाचे नाव, साथीदारांची नावे, गायकाच्या घराण्याबद्दल मोजके दोन शब्द, आणि मग बाजूला होणे. मैफलीच्या यजमानपणाचा हक्क आर्य संगीत प्रसारक मंडळाचा, हे त्या मंडपातल्या शेवटच्या भारतीय बैठकीवर बसलेल्या रसिकालाही माहीत असते. ‘मॉडरेटर’ हा लॅटिनमधील मर्यादेत ठेवणे या अर्थाच्या क्रियापदापासून आला. २६ सप्टेंबर १९६० रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन यांची पहिली दूरचित्रवाणी चर्चा झाली तेव्हा हॉवर्ड स्मिथ यांनी वेळ आणि पाळी सांभाळली, ते हे काम. आपल्या संमेलनांत परिसंवादाचे अध्यक्ष ते करत आले आहेत आणि त्यासाठी वेगळ्या शब्दाची गरज मला दिसत नाही. ‘टोस्टमास्टर’ मात्र आपल्याकडे नाही, कारण पेला उंचावून शुभचिंतनाची रीतच आपल्यात नाही; गोव्यातील ख्रिस्ती लग्नसमारंभांत ती आहे आणि तेथे तो शब्द शोभतो. पुण्या-मुंबईत भाषणाचा सराव करणारी जी मंडळे या नावाने भरतात त्यांची मूळ संस्था राल्फ स्मेडली यांनी १९२४ साली कॅलिफोर्नियातील सांता आना येथे सुरू केली. तेथे हे सभेतील एका भूमिकेचे नाव आहे, मेजवानीशी त्याचा संबंध उरलेला नाही.

आता आपल्या घरात डोकावू. विष्णुदास भावे यांनी सांगलीत १८४३ साली केलेल्या पहिल्या नाट्यप्रयोगात सूत्रधार सुरुवातीलाच येऊन निघून जात नसे. तो झांजा-मृदंगाच्या साथीने पदे गात कथा पुढे नेत असे आणि पात्रे त्यानुसार हावभाव करत. तो प्रयोग ज्यांच्या इच्छेने आणि आश्रयाने झाला ते सांगलीचे राजे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन. मराठी रंगभूमीच्या अगदी पहिल्या दिवशी आपल्याकडे यजमान आणि सूत्रधार अशी दोन वेगळी माणसे आणि दोन वेगळे शब्द तयार होते. सूत्रधारावरून सूत्रसंचालक झाला, आणि सुधीर गाडगीळ यांच्यासारख्यांनी त्या शब्दाला व्यवसायाची प्रतिष्ठा मिळवून दिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीत ९८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, त्याची पत्रिका आठवावी. आयोजन पुण्याच्या सरहद संस्थेचे, स्वागताध्यक्ष शरद पवार, संमेलनाध्यक्ष तारा भवाळकर, आणि प्रत्येक सत्राला प्रास्ताविक, सूत्रसंचालन, आभार यांसाठी आणखी वेगळी माणसे. इंग्रजी बातमीदाराला यांतल्या निदान तिघांसाठी होस्ट हा एकच शब्द वापरता आला असता. आपण प्रत्येकाला त्याच्या कामाचे नाव देतो. इतकी नेमकी व्यवस्था हाताशी असताना ती मोडून इंग्रजीचा एक सैल शब्द तिच्यावर अंथरावा, हे मला सहन होत नाही.

याचा अर्थ इंग्रजी शब्द वापरूच नयेत, असा माझा आग्रह नाही. २०२० साली टाळेबंदीत सगळ्या सभा संगणकावर भरू लागल्या तेव्हा ‘होस्टने आत घेतले नाही’ हे वाक्य माझ्या ऐंशी वर्षांच्या आत्याच्या तोंडीही आले, आणि ते अगदी बरोबर होते. तेथे होस्ट म्हणजे ज्याच्या खात्यावर बैठक भरली आहे, जो दार उघडतो आणि बंद करतो तो. होस्टचा मूळ अर्थ त्या पडद्यावर जितका स्पष्ट दिसला तितका तो एखाद्या पुरस्कार सोहळ्यात कधी दिसला नव्हता. त्या बैठकीत बोलणारा कोणी दुसराच असे आणि तो होस्ट नाही, हे आत्यालाही कळत होते.

म्हणून आपल्या संपादकीय विभागाला माझी विनंती अशी आहे. परदेशी पुरस्कार सोहळ्यांच्या बातम्यांत होस्टसाठी ‘सूत्रसंचालक’ आणि ‘सूत्रसंचालन’ लिहावे. मैफलीच्या किंवा ध्वनिमुद्रित कार्यक्रमाच्या संदर्भात ‘निवेदक’ लिहावे. गप्पांच्या कार्यक्रमात पाहुणे येत असतील तर ‘मुलाखतकार’ किंवा नुसता ‘होस्ट’ चालेल, कारण तेथे पाहुणा खरोखर आहे. ‘यजमान’ हा शब्द क्रीडा स्पर्धा भरवणारा देश, परिषद भरवणारे शहर, कार्य काढणारे कुटुंब यांच्यासाठी राखून ठेवावा. आपल्या छोट्या जाहिरातींच्या पानावर ‘लग्नसमारंभासाठी होस्ट पाहिजे’ अशी जाहिरात मी गेल्या हंगामात वाचली. जाहिरातदाराला शब्द सुचवणे हे कदाचित आपल्या कक्षेत बसणार नाही, परंतु जाहिराती स्वीकारणाऱ्या सहकाऱ्यांनी तेवढे एकदा विचारले तर बहुतेक जण आनंदाने शब्द बदलतील, असा माझा अनुभव आहे.

आमच्या गावच्या वाचनालयाचा वर्धापनदिन पुढच्या महिन्यात आहे. पत्रिकेचा मसुदा कालच माझ्याकडे आला. त्यात ‘होस्ट’ या शब्दापुढे एका शिक्षिकेचे नाव होते. तो शब्द खोडून मी तेथे ‘सूत्रसंचालन’ लिहिले आहे, आणि त्याच्या वरच्या ओळीत ‘यजमान’ असे लिहून वाचनालयाला जागा देणाऱ्या शेतकरी कुटुंबाचे नाव घातले आहे. ते आजवर कोणत्याच पत्रिकेत नव्हते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षक, सातारा जिल्हा